कोकणातील दफ्तरी लेखनिक : त्यांचे जीवन व त्यांची विद्या

१

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास ज्या कागदपत्रांवर उभा आहे, ते कागद कोणी लिहिले, कोणी जपले व कोणत्या शिक्षणाच्या बळावर जपले, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडे गेले आहे. राजे, सेनापती व मुत्सद्दी यांची चरित्रे सिद्ध झाली. परंतु ज्या शेकडो कारकुनांनी रोजच्या जमाखर्चाची कीर्द लिहिली, तिची खतावणी केली, ताळेबंद उतरवले आणि रुमालात बांधून ठेवले, त्यांचा वर्ग इतिहासात बहुधा निनावीच राहिला. वास्तविक राज्याची स्मृती याच वर्गाच्या हाती होती. गावाचे देणे किती, ते कोणत्या साली का कमी केले, अमुक वतन कोणाच्या सनदेने चालते, या प्रश्नांची उत्तरे तलवारीने मिळत नसत. ती दफ्तरातूनच काढावी लागत. आज ज्यांना माहितीच्या साठ्याचे व्यवस्थापक किंवा डेटाबेसचे तज्ज्ञ म्हणतात, त्यांचे पूर्वज महाराष्ट्रात शोधावयाचे झाल्यास ते या दफ्तरी लेखनिकांतच सापडतात.

या वर्गाच्या इतिहासात रत्नागिरी परिसराचे स्थान विशेष आहे. सह्याद्री व समुद्र यांच्यामधील ही चिंचोळी पट्टी भातशेतीला अपुरी आणि बागायतीला मर्यादित. धान्य बाहेर पाठवावे असे तेथे फारसे पिकत नसे. मात्र लेखणी चालवणारी माणसे येथून घाटावर मोठ्या संख्येने गेली. प्रस्तुत निबंधात या माणसांचे शिक्षण, त्यांच्या कामाची रीत व त्यांचे जीवन यांचा विचार करून, त्यांनी निर्माण केलेल्या नोंदींचा लाभ कोणाला झाला व कोणाला झाला नाही, हे पाहावयाचे आहे.

२

कोकणातून राज्यकारभारात गेलेल्या लेखनिकांत कालदृष्ट्या अग्रस्थानी नाव येते ते बाळाजी आवजी चिटणीस यांचे. चिटणीस घराण्याच्या परंपरेनुसार हे कुटुंब विपन्नावस्थेत राजापूर बंदरी असताना शिवाजी महाराजांची दृष्टी बाळाजींच्या अक्षरावर व बुद्धीवर गेली आणि त्यांना चिटणिशी मिळाली. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहिण्यास त्यांना सवड झाली नव्हती; रात्री पत्र वाचून दाखवण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी कोरा कागद समोर धरून संपूर्ण मजकूर अस्खलित म्हणून दाखवला. ही कथा अक्षरशः घडली असो वा नसो, तिच्यातून त्या वर्गाचा आदर्श मात्र कळतो. लेखनिकाने केवळ लिहावयाचे नसून मजकूर मनात धरावयाचा असतो आणि प्रसंगी कागद व स्मरण यांतील अंतर नाहीसे करावयाचे असते, अशी ती अपेक्षा होती. १६८१ मध्ये बाळाजींना संभाजी महाराजांच्या रोषामुळे प्राणास मुकावे लागले. पुढे त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी तीच चिटणिशी सांभाळली. राज्याची गुपिते ज्याच्या हातून लिहिली जातात त्याचे जीवन किती निसरड्या भूमीवर उभे असते, हे या एका घराण्याच्या इतिहासावरूनही ध्यानात येते.

अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर आले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांच्याबरोबर आलेल्या भानू घराण्याचे मूळ गाव वेळास, हे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात समुद्रकाठी आहे. याच घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी आली व त्यातच बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणीस (१७४२–१८००), यांचा उदय झाला. एका घराण्याचा पाय पुण्यात रोवला की त्याच्या आश्रयाने गावाकडचे भाचे, पुतणे व सोयरे येत, कोणाच्या तरी वाड्यात जेवून राहत आणि कोणाच्या तरी हाताखाली लिहू लागत. अशा रीतीने गावाचा व दफ्तराचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

लेखनिकांची गरज इतकी वाढण्यास राज्याची वसुलीपद्धतीही कारण झाली. १७१९ मध्ये मिळालेल्या सनदांनुसार जी चौथाई वसूल होई तिचे पुन्हा भाग पडत. शंभरांपैकी पंचवीस हिस्से राजाची बाबती, सहा हिस्से साहोत्रा, तीन हिस्से नाडगौडा व उरलेले सहासष्ट हिस्से मोकासा. शेकडा दहा सरदेशमुखी निराळी. हे हक्क वेगवेगळ्या धन्यांना एकाच महालात असत. अशा वाटणीचा हिशेब चोख ठेवणे हे सामान्य बुद्धीचे काम नव्हते. या गुंतागुंतीमुळे हिशेब जाणणाऱ्यांचे वर्चस्व वाढले, असा अभिप्राय ग्रँट डफ याने नोंदवला आहे. त्यातील हेतूचा आरोप बाजूस ठेवला, तरी परिणामाविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

३

आता या विद्येकडे वळू. मुलाचे शिक्षण गावातील पंतोजींच्या शाळेत सुरू होई. धुळीने सारवलेल्या पाटीवर अक्षरे गिरवावयाची, अंकांची उजळणी करावयाची आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करावयाचे, असा हा क्रम असे. हे पाढे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी असे आज वाटण्याचा संभव आहे. परंतु वीस काठ्यांचा पांड व वीस पांडांचा बिघा, वीस मणांची खंडी, सोळा आण्यांचा रुपया, अशी मापे ज्या व्यवहारात रोज येतात तेथे साडेतीनपट किंवा पाऊणपट मनातल्या मनात काढता येणे हीच कार्यक्षमता होती. कागदावर आकडेमोड करीत बसणाऱ्या कारकुनाला फडावर मान नसे.

बाळबोध अक्षर धर्मग्रंथांसाठी व मोडी व्यवहारासाठी, अशी विभागणी असे. मोडीचे जनकत्व यादवांचा मंत्री हेमाद्री याजकडे देण्याची परंपरा आहे. ती निर्विवाद नाही, परंतु लिपीचे प्रयोजन त्वरा हेच होते यात शंका नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यावयाची व मग तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे जोडीत जावयाची, ही मोडीची रीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, शब्द तोडून लिहिले जात नसत, विरामचिन्हे नसत. साहजिकच मोडी वाचणे हे लिहिण्यापेक्षा कठीण होते. वाचणाऱ्यास मजकुराचा विषय, त्यातील रूढ वाक्प्रयोग व संबंधित माणसांची नावे यांची पूर्वकल्पना असावी लागे. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी मोडीची निरनिराळी वळणे प्रसिद्ध होती. विशिष्ट वळण म्हणजे विशिष्ट गुरुपरंपरा. अक्षरावरून लेखनिक कोणाच्या हाताखाली तयार झाला हे जाणकार ओळखीत.

शाळेनंतरचे खरे शिक्षण उमेदवारीत होई. मुलगा दफ्तरात वडीलधाऱ्यांच्या मागे बसे. आरंभी बोरू तासणे, शाई घोटणे, ओल्या अक्षरांवर वाळू टाकणे, रुमाल बांधणे व सोडणे. नंतर नकला करणे. नंतर मजकूर सांगितला असता उतरून घेणे. आणि सर्वांच्या शेवटी स्वतः मसुदा करणे, अशा या पायऱ्या होत्या. कोणत्या दर्जाच्या माणसास कोणता मायना लिहावा, विनंती कोठे व आज्ञा कोठे, समाप्ती कशी करावी, याचे नियम मेस्तकांतून ग्रथित केलेले होते. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशात दफ्तरातील फारसी व अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. त्याच्या दहा वर्गांत लेखनासाठी एक स्वतंत्र वर्ग असावा, ही गोष्ट लेखनकार्याचे महत्त्व दाखवते. तथापि रोजच्या कामात कीर्द, रुजू, मोर्तब, ताळेबंद हे शब्द टिकून राहिले. शब्द बदलणे राजाच्या हाती असले तरी सवय ही दफ्तराच्या हाती असते.

या विद्येचा कस कालगणनेत लागे. एकाच कागदावर शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, फसली किंवा शुहूर सन येऊ शके. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांनी लिहीत आणि तेही एकंपासून वर चढत. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर व हजार, अर्थात ११७६. हा सन मृग नक्षत्री सूर्य आला की बदलत असल्याने ते वर्ष इसवी सन १७७५ च्या जूनपासून १७७६ च्या जूनपर्यंत चालते. वर्ष असे सौर, परंतु महिना मात्र मुसलमानी चांद्र. ‘छ’ हे अक्षर लिहून त्यापुढे चंद्राची तारीख घालावयाची. सौर वर्ष व चांद्र महिना यांचा मेळ नसल्याने एकाच शुहूर वर्षात एखादी तारीख दोनदाही येऊ शके. ही गणना ज्याच्या अंगी मुरलेली नाही त्याला कागद वाचता आला तरी तो कोणत्या दिवसाचा हे सांगता येत नसे. आधुनिक संशोधकांना प्रारंभी ज्या चुका झाल्या, त्यांतील पुष्कळ या एकाच ठिकाणच्या आहेत.

४

दफ्तराच्या रचनेचे मुख्य तत्त्व असे होते की एकच व्यवहार अनेक हातांखालून जावा. मामलेदाराच्या जिल्ह्यात जे दरखदार नेमलेले असत, त्यांच्या कामांची वाटणी या दृष्टीने बोधप्रद आहे. दिवाणाने पत्रांवर व हुकमांवर आपली खूण करावयाची. मुजुमदाराने हिशेब व दस्तऐवज पाहून संमत केल्यावाचून ते फडणिसाकडे जावयाचे नाहीत. फडणिसाने कागदांवर तारीख घालावयाची, रोजचे टिपण ठेवावयाचे व वसुलाच्या थैलीस चिठ्ठी बांधावयाची. दफ्तरदाराने त्या रोजच्या टिपणावरून खतावणी तयार करून महिन्याचा गोषवारा हुजुरास पाठवावयाचा. पोतनिसाने शिल्लक सांभाळावयाची, पोतदाराने नाणे पारखावयाचे आणि चिटणिसाने पत्रव्यवहार करावयाचा. हे दरखदार मामलेदाराचे नोकर नव्हते. त्यांना काढण्याचा अधिकार त्यास नव्हता. यामुळे मामलेदाराने रक्कम दडपावयाची ठरवली तर त्यास निदान चारपाच माणसांची संगनमत साधावी लागे. रत्नागिरी, अंजनवेल, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किनाऱ्यावरील मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली आल्यावर तेथील हिशेबही याच धर्तीने पुण्यास पोहोचू लागले.

कागदाची रचनाही याच सावधगिरीची साक्ष देते. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून सांध्यावर शिक्का उठवीत. मजकूर संपला त्या ठिकाणी मर्यादेची मुद्रा करीत. शिवकालीन पत्रांतील ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा अशीच आहे. तिच्यापुढे लिहिलेले अक्षर मूळ पत्राचे नव्हे, हे पाहताक्षणी कळे. नक्कल मुळाशी ताडून पाहिली म्हणजे ती रुजू झाली असे म्हणत. मजकुराची सत्यता लेखनिकाच्या सचोटीवर सर्वस्वी सोपवू नये, तर ती कागदाच्या बांधणीतच गुंफावी, हा विचार येथे स्पष्ट दिसतो.

पुण्याच्या हुजूर दफ्तरात हीच व्यवस्था विस्ताराने होती. तेथे दोनशेहून अधिक कारकून काम करीत असत. चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर असे त्याचे दोन मोठे भाग होते. चालत्या दफ्तरात वर्तमान व्यवहार. एकबेरजेत सर्व महालांचे व खात्यांचे हिशेब वर्गवार लावून त्यांचे तर्जुमे, खतावण्या व ताळेबंद सिद्ध होत. रोजकीर्द ही घडलेल्या क्रमाने, खतावणी ही विषयाच्या क्रमाने आणि ताळेबंद हा वर्षाच्या बेरजेने. म्हणजे एकच माहिती तीन वाटांनी शोधता येत असे. १९७० मध्ये एडगर कॉड याने माहितीच्या साठ्याचा जो संबंधाधिष्ठित सिद्धान्त मांडला, त्यात एक वस्तुस्थिती शक्यतो एकाच ठिकाणी नोंदवावी असा कटाक्ष आहे. दफ्तराचे धोरण याच्या उलट होते. तेथे तीच वस्तुस्थिती मुद्दाम निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या वह्यांत लिहवून घेत आणि विसंगती आढळली की चौकशी सुरू करीत. यंत्र नसलेल्या काळात पुनरुक्ती हाच पहारा होता.

परंतु कोणतीही रचना ती चालवणाऱ्या माणसांहून अधिक टिकाऊ नसते. १८१९ मध्ये मॅक्लिऑड या इंग्रज अधिकाऱ्याने या दफ्तराविषयी जो अहवाल दिला त्यात, बाळाजी बाजीरावापासून नाना फडणिसापर्यंत दफ्तर उत्तम शिस्तीत होते, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मात्र ते जवळजवळ दुर्लक्षित राहिले व लोकांना कागद वाटेल तसे घेऊन जाऊ दिले गेले, असे म्हटले आहे. वह्या त्याच, मोडी तीच, पद्धतीही तीच. परंतु कागद रुजू झाला की नाही हे विचारणारा कोणी उरला नाही. दफ्तराची अवनती ही राज्याच्या अवनतीचे केवळ लक्षण नव्हती, ती तिच्या कारणांपैकीही एक होती. ज्या सत्तेला स्वतःचे येणे व देणे सांगता येत नाही, तिला कर्ज व फितुरी या दोहोंपुढे नमावे लागते.

५

या लेखनिकांचे जीवन बाहेरून प्रतिष्ठेचे असले तरी आतून कष्टाचे होते. दिवसभर मांडी घालून, कागद गुडघ्यावर धरून लिहिणे. वर्षअखेरीस ताळेबंद जुळेपर्यंत समईच्या उजेडात जागणे. मोहिमेवर दफ्तर उंटाबैलांवर लादून फौजेबरोबर चालणे, हे सर्व त्यात होते. नाना फडणीस स्वतः १७६१ मध्ये अठरा वर्षांच्या वयात पानिपतावर होते व तेथून कसेबसे बचावले. आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. कोकणात घरी राहिलेल्या दफ्तराचा शत्रू निराळा होता. पावसाळ्याचे चार महिने दमट हवा, कसर व वाळवी यांपासून रुमाल राखणे हे घरातील सर्वांचे काम असे. ऊन पडले की कागद उन्हात घालावयाचे व पुन्हा बांधावयाचे, ही जपणूक नसती तर आज पुष्कळ घराण्यांचा इतिहासच उरला नसता.

या वर्गाच्या मर्यादा सांगितल्यावाचून त्याचे चित्र पुरे होणार नाही. ही विद्या मुख्यतः ब्राह्मण व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांच्या घरांत राहिली. ती बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे जाई; कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलास तिचा दरवाजा उघडा नव्हता. गावाच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे मात्र महाराची साक्ष प्रमाण मानली जाई, कारण शीव त्याने पायांनी ओळखलेली असे. म्हणजे गावात दोन स्मृती नांदत होत्या : एक कागदावरची व एक माणसाच्या मनातली. जोवर दोन्हींना पंचांपुढे मान होता, तोवर कागद न वाचता येणाऱ्यासही काही आधार होता. पुढे केवळ कागदच प्रमाण ठरला तेव्हा हा आधार निखळला.

६

१८१८ मध्ये पेशवाई संपली. १८१९ मध्ये दक्षिण कोकणचा जिल्हा बाणकोट येथे ठाणे करून बनवण्यात आला. १८२२ मध्ये ते ठाणे रत्नागिरीस आले आणि १८३२ मध्ये रत्नागिरी हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकर्ते बदलले, पण कचेरीतील माणसे फारशी बदलली नाहीत, कारण कागद वाचणारे दुसरे कोणी नव्हते. कलेक्टरच्या कचेरीत दफ्तरदार व चिटणीस ही पदे जुन्या नावांनीच चालू राहिली. इंग्रज अधिकारी तीनचार वर्षांनी बदले. दफ्तरदार तेथेच असे. हुकूम साहेबाचा असला तरी त्यास पूर्वाधार कोणता, हे दफ्तरदारच सांगे.

जुन्या दफ्तराचा नव्या सरकारने केलेला उपयोग मात्र अनपेक्षित होता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांचे हक्क तपासण्याचा अधिकार मिळाला आणि पेशव्यांचे दफ्तर हे या तपासणीचे प्रमुख साधन झाले. ज्यांच्या पूर्वजांना त्याच दफ्तरातून सनदा मिळाल्या होत्या, त्यांच्याकडे आता दफ्तरातील नोंद दाखवून पुरावा मागितला जाऊ लागला. नोंदी लिहिणाऱ्याच्या हेतूशी त्यांच्या पुढील उपयोगाचे काही नाते राहीलच असे नसते, याचे हे ठळक उदाहरण होय.

रत्नागिरी जिल्ह्यापुरता विचार केला तर याहून खोल परिणाम खोतीच्या कागदांचा झाला. जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. सरकारास सारा भरण्याची जबाबदारी खोताची; कुळांकडून भात, नारळ, सुपारी यांच्या रूपाने किंवा रोख जे घ्यावयाचे त्याचा हिशेब ठेवणाराही खोतच. घाटावर पाटील व कुलकर्णी हे दोन भिन्न हात होते; खोती गावात वसूल करणारा हात व लिहिणारा हात बहुधा एकच राहिला. दरखदारांच्या व्यवस्थेचे जे मुख्य तत्त्व, एकाचे काम दुसऱ्याने ताडून पाहण्याचे, ते येथे गावाच्या पातळीवर नाहीसे झाले होते.

१८८० च्या खोती कायद्याने धारेकरी, निमधारेकरी व कायम कुळे असे वर्ग करून त्यांच्या हक्कांची नोंद सरकारी कागदात घेण्याची तजवीज केली. हेतू चांगला होता. परंतु १८४५ च्या महसुली वर्षापूर्वीपासूनची अखंड वहिवाट सिद्ध केल्यावाचून कायम कुळाचा हक्क मिळत नसे. ती सिद्ध करावयाची कशाने? जुने कागद होते ते खोताच्या माळ्यावर, आणि तेही मोडीत. कुळाजवळ होती ती आजोबांनी सांगितलेली गोष्ट, बांधावरचे झाड आणि शेजाऱ्याची साक्ष. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसूनही ज्याचे नाव वहीत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने कालपरवा आलेला उपरी ठरण्याची भीती होती. लिहिण्याची विद्या एका घरात राहिली व कसण्याचे कष्ट दुसऱ्या घरात, याचा हिशेब येथे चुकता झाला, आणि तो कुळाच्या अंगावर झाला.

मंडणगड तालुक्याचा नकाशा समोर ठेवला असता एक गोष्ट मनात भरते. हिशेबाच्या विद्येने राज्याच्या शिखरावर गेलेल्या भानूंचे वेळास याच तालुक्यात आहे, आणि डॉ. भीमराव आंबेडकरांच्या पूर्वजांचे आंबडवे हे गावही याच तालुक्यात आहे. १९३७ मध्ये मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक आंबेडकरांनी मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही; परंतु १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली. तत्पूर्वी १९४८ चा कूळकायदा आला होता व त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून त्या दिवशी कसणारे कूळ मालक मानले गेले. येथेही प्रश्न नोंदीचाच होता. ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात होते त्यास दाद मागणे सोपे गेले. ज्याचे नव्हते त्यास आपण कसतो हे प्रथम सिद्ध करावे लागले.

तलाठ्याच्या दफ्तरातील गाव नमुने हे या दीर्घ परंपरेचे आजचे रूप होय. हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला. त्या पद्धतीत फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यावयाची, संबंधितांस नोटीस द्यावयाची, हरकतीस मुदत ठेवावयाची आणि प्रमाणित करावयाची ती मात्र वरिष्ठ अधिकाऱ्याने. जुने नाव खोडून टाकावयाचे नाही. त्यास कंस करून नवे नाव लिहावयाचे, म्हणजे मागील पिढीचा माग राहतो. दोन हातांचे जुने तत्त्व येथे परत आले, आणि त्यात कुळासही हरकत घेण्याचा अधिकार मिळाला, हा फरक लहान नव्हे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. सांध्यावरच्या शिक्क्याचे काम आता गणिती सांकेतिक खूण करते.

७

दफ्तरी लेखनिकांच्या विद्येचा ऱ्हास विसाव्या शतकात झपाट्याने झाला. छापखान्याने बाळबोध लिपी सार्वत्रिक केली, कचेऱ्यांतून मोडी मागे पडली आणि शाळांतूनही ती गेली. एका अर्थी हे इष्टच होते; जी लिपी थोड्यांनाच वाचता येते तीत सर्वांचे हक्क बंद असणे न्यायाचे नव्हते. परंतु लिपी गेली तरी तीत लिहिलेले हक्क गेले नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकिर्दींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. एवढे श्रम होऊनही छापलेला भाग मूळ साठ्याच्या मानाने अल्पच आहे.

न वाचलेल्या कागदांचा प्रश्न केवळ संशोधकांचा नाही, हे अलीकडे पुन्हा दिसून आले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू होऊन कुणबी नोंदींचा शोध जुन्या दफ्तरांतून घेतला जाऊ लागला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांचा शोधही जिल्ह्याजिल्ह्यांतून करावा लागला. आजच्या माणसाचा हक्क दीडशे वर्षांपूर्वीच्या एका ओळीत असावा आणि ती ओळ वाचणारा मिळू नये, ही स्थिती दफ्तराच्या इतिहासातील कोणत्याही अव्यवस्थेपेक्षा कमी गंभीर नाही. कागदांची छायाचित्रे घेतल्याने कसर व वाळवी टळते. वाचक निर्माण होत नाही. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी भरतात, त्यांत अक्षरओळख होतेही. परंतु शुहूर सन, मायने, मापे व वसुलाच्या बाबी यांचे ज्ञान उमेदवारीनेच येते, आणि ती देणारी माणसे थोडी राहिली आहेत.

या सर्व विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की कोकणातील लेखनिकांची विद्या ही ग्रंथांपेक्षा सहवासाची विद्या होती. ती शिकवणारा समाज विखुरला तेव्हा ग्रंथ शिल्लक असूनही विद्या क्षीण झाली. दुसरी ही की तिचे सामर्थ्य एखाद्याच्या अलौकिक स्मरणशक्तीत नव्हते, ते परस्परांस तपासणाऱ्या अनेक हातांच्या योजनेत होते. हे हात जेथे एकवटले, मग ते दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात असो वा खोताच्या माळ्यावर, तेथे दफ्तर निकामी तरी झाले किंवा अन्यायाचे साधन तरी झाले. तिसरी गोष्ट अशी की नोंद ज्याच्याविषयी आहे त्यास ती वाचता येणे, हा दफ्तराच्या चोखपणाचाच एक भाग मानला पाहिजे. पेशवाईतील उत्कृष्ट दफ्तरदारांनाही हे सुचले नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या घरांतून अद्याप कितीतरी रुमाल न सोडलेले आहेत. त्यांत खोतांचे हिशेब आहेत, तसेच ज्या कुळांनी ते भात मोजून दिले त्यांची नावेही आहेत. आजवर हे कागद घराण्यांच्या इतिहासासाठी शोधले गेले. आता ते कुळांच्या इतिहासासाठी वाचले जाणे अगत्याचे आहे; आणि ज्यांच्या पूर्वजांना ते वाचता आले नाहीत, त्यांच्याच मुलामुलींनी ते वाचले तर या विद्येचे जुने ऋण काही अंशी फिटेल.